पेटीखालचं लाकूड

“सांतू, तिला हात लावू नकोस.”

मी शिडीच्या चौथ्या पायरीवर होतो. वळून बघायची गरज नव्हती. माझी आय देवळाच्या बाजूच्या दारात उभी होती, एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. आम्ही वसईकडचे ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतो.

खाली शिडी धरून फादर एलायस उभे होते. तेच म्हणाले, “कातरीनाबाय, सांतान माझ्या सांगण्यावरून चढलाय. रागवायचं तर माझ्यावर रागवा.”

“तुमच्यावर कशी रागवू, फादर? तुम्ही काल आलात.”

“दीड वर्ष झालं मला येऊन.”

“तेच म्हणते मी.”

फादर हसले. तिशीच्या आतले होते, हसायचे लगेच. मी मात्र हसलो नाही, कारण आयचा तो आवाज मला ठाऊक होता.

माझ्या समोर, हाताच्या अंतरावर, माउली होती, प्रभूची आई मारिया, तिची मूर्ती. मुख्य वेदीच्या अगदी मधोमध, निळ्या रेशमी झग्यात, हात जोडून. ती किती जुनी हे कोणालाच सांगता येत नव्हतं. दरवर्षी आठ सप्टेंबरच्या सणाआधी तिचा झगा बदलायचे. त्या वेळी वेदीपुढे पडदा लागायचा आणि आत फक्त तीन बायका जायच्या. पुरुषाने आत पाऊल टाकायचं नाही, मग तो फादर का असेना. हा मान सासूकडून सुनेला मिळायचा. तिघींतली एक वारली होती. उरल्या होत्या माझी आय आणि शेजारची फिलू मावशी.

फादरना हे बंद करायचं होतं. मिस्सा, म्हणजे देवळातली उपासना, लॅटिनमधून मराठीत येऊन चार-पाच वर्षं झाली होती, फादर आमच्याकडे तोंड करून उभे राहू लागले होते, आणि त्यामुळेच त्यांना आमचे डोळे दिसू लागले. एकदा ते मला म्हणाले होते, “सांतान, मी प्रभूला दोन्ही हातांनी वर धरतो आणि तुम्ही लोक माझ्या डोक्यावरून तिच्याकडे बघता. मेणबत्त्या सगळ्या तिच्यापुढे. प्रभूच्या पेटीपुढे एक दिवा, त्यातलं तेलही मीच घालतो.” ज्या पेटीत पवित्र भाकर, म्हणजे आमच्यासाठी प्रत्यक्ष प्रभू, ठेवतात ती पितळेची पेटी तेव्हा माउलीच्या पायांशी, फुलांच्या आड दडलेली असायची. फादरनी ठरवलं होतं, पेटी मधोमध येईल, तिच्यासाठी सागवानी बैठक करायची. माउली बाजूच्या वेदीवर जाईल, आणि तीही ही नाही. हिला वाळवी लागली होती. नवी प्लास्टरची मूर्ती मुंबईहून येणार होती.

मी गावचा सुतार. काम माझ्याकडे आलं. मला फादरचं पटतही होतं. भाकर वर उचलली जायची तेव्हा माझ्या आयचे डोळे कुठे असायचे ते मी लहानपणापासून बघत आलो होतो.

“मग एवढं करा,” आय दारातून म्हणाली. “पडदा लावा. मी आणि फिलू तिला उतरवतो. एक तास द्या आम्हाला.”

“पडदा आता नाही,” फादर म्हणाले. “परवा बाजारात एक जण मला विचारत होता, तुमची देवी वर्षातून एकदा कपडे बदलते म्हणे? काय सांगू मी त्याला? ती देवी नाही. मान तिचा, पूजा एकट्या देवाची. हे तुम्हाला मी सांगायला हवं का?”

“नको. लहानपणी पाठ केलंय.”

“मग कशाला हवाय एक तास?”

आयने माझ्याकडे बघितलं. ती साठीला आली होती, गुडघे दुखायचे, तरी रोज सकाळच्या मिस्सेला यायची. मी जन्मल्यापासून तिची एक मिस्सा चुकलेली मला आठवत नाही.

“सांतू,” ती म्हणाली, “तू तिला उतरवलंस तर मी या देवळात परत पाऊल टाकणार नाही.”

आणि तिने आतला पाय बाहेर घेतला.

फादर हलक्या आवाजात म्हणाले, “येतील. मनाची तयारी व्हायला वेळ लागतो. उचल तू.”

मी कमरेत वाकलो, दम धरला, माउलीला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि जोर लावून उचलली. तसा मी मागे पडता पडता वाचलो. तिला वजनच नव्हतं. एवढी उंच बाई, आणि वजन रिकाम्या टोपलीएवढं. तिच्या झग्यातून वाळवीची माती भुरभुरली ती थेट फादरच्या पांढऱ्या झग्यावर.

“काय झालं?”

“हलकी आहे, फादर.”

“असणारच. पोखरलीय ना.”

मलाही तेच वाटलं.

मूर्ती मी देवळामागच्या सामानाच्या खोलीत नेली. तेवढ्यात कोणी आजारी आहे म्हणून फादरना बोलावणं आलं. सायकलवर टांग टाकता टाकता ते सांगून गेले, “झगा काढून बघ, वाळवी कुठवर गेलीय. डोकं आणि हात चांगले असतील तर ठेव. बाकीचं जाळ. आशीर्वाद दिलेली वस्तू आहे, कोणाच्या चुलीत जाऊ देऊ नकोस. राख आवारातच पुर.”

मी खोलीबाहेर काटक्यांचा ढीग रचला. मग आत येऊन झग्याच्या पाठीमागचे बंद सोडू लागलो. लाकडाला काय लाजायचं, पण तिचं तोंड मी भिंतीकडे केलं. झगा खाली आला आणि मी तसाच उभा राहिलो.

आत बाई नव्हती. मान संपली तिथून खाली चार काठ्या होत्या, खाली पसरत जाणाऱ्या, कोंबड्यांच्या खुराड्याला असतात तशा. खांद्यांना एक आडवी काठी. बाह्यांतून बाहेर येणारे हात त्या काठीला दोरीने बांधलेले. मला चौतीस वर्षं पुरी झाली होती, आणि तोवर मी धरून चाललो होतो की झग्याच्या आत लाकडाची का होईना, एक पुरी बाई आहे.

काठ्यांच्या मध्ये, छातीपासून पोटापर्यंत, चिंध्या भरलेल्या होत्या. घट्ट गुंडाळ्या करून, एकात एक खोवून, वरून काथ्याने बांधलेल्या. झग्याला आकार यावा म्हणून बायकांनी भरल्या असतील, असं मनात आलं. काथ्या कापला. चार-पाच गुंडाळ्या नेऊन ढिगावर टाकल्या. अगदी आतल्या हातात घेताच त्यांचा भुगा झाला. काडेपेटी काढली. काडी ओढणार, तेवढ्यात ढिगावरची एक गुंडाळी वाऱ्याने उलगडली.

ते झबलं होतं. माझ्या पंजापेक्षा थोडं मोठं. रंग गेलेला, पण कुठे दुधाचा डाग नाही, लाळेचा नाही. गळ्याची नाडी कधी बांधलेलीच नव्हती, तिची टोकं शिवली तेव्हाची तशीच ताठ होती. मी दुसरी गुंडाळी उलगडली. झबलंच. तिसरी. चौथीच्या कडेला लाल दोऱ्याची टीप होती, कोंबडीच्या पावलांसारखी तिरपी. ती टीप मी ओळखत होतो. आमच्या घरच्या प्रत्येक लहान कपड्याला ती असायची. माझ्या मुलांच्या झबल्यांनाही होती.

“काडी ठेव खाली.”

खोलीच्या बाहेरच्या पायरीवर आय बसली होती. केव्हा येऊन बसली कळलं नाही. ती खोली देवळाला लागून असली तरी देऊळ नव्हे, म्हणून ती तिथे आली असावी.

“आय, हे काय आहे?”

“जळलं का काही?”

“नाही.”

“भुगा किती झाला?”

“थोडा झाला. आय, काय आहे हे?”

तिने माझ्या हातातून लाल टिपेचं झबलं घेतलं, मांडीवर ठेवलं आणि तळव्याने सपाट केलं.

“तुझ्या आधीचा,” ती म्हणाली. “मेलेलाच आला. पाणी पडलं नाही.”

पाणी पडणं म्हणजे आमच्याकडे बाप्तिस्मा. माझ्या आधी घरात कोणी जन्माला आलं होतं हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं.

“पाणी नाही तर नाव नाही, आणि नाव नाही तर कबरस्तानात जागा नाही. तुझ्या बापाने भिंतीच्या बाहेर पुरला. तेव्हाचे फादर म्हणाले, हे मूल देवाला कधी बघणार नाही. वाईट नव्हते ते फादर. सांगताना रडले. पण तेव्हा शिकवणच तशी होती.” तिने नाडीची दोन टोकं जवळ आणली आणि परत सोडली. “मग मी म्हटलं, देव याला बघणार नसेल तर हिने तरी बघावं. सासूने मला हे दाखवलं. सणाला झगा बदलायच्या वेळी तिच्या पोटात ठेवायचं.”

“सगळी अशीच?”

“फिलूची दोन आहेत. बाकी गावातली. सासूच्या सासूपासूनची. कोणाचं कुठलं ते विचारायचं नसतं.”

“म्हणजे तुला ठाऊक होतं? आत नुसत्या काठ्या आहेत म्हणून?”

“मला? तिच्या कमरेला मी दोनदा नवी काठी बांधलीय. तुझ्याच कामाच्या जागेतून उचलून.”

“आणि त्याच काठ्यांपुढे रोज सकाळी रडायचीस?”

“मग कोणापुढे रडू? तुझ्यापुढे?”

इतकी वर्षं मी समजत होतो की आय भोळी आहे, मूर्तीलाच देव समजते. मूर्ती म्हणजे काय हे गावात तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

“फादरना का नाही सांगितलंस? एक तास दिला असता त्यांनी.”

“सांगितलं असतं तर त्यांना नाही म्हणावं लागलं असतं. किंवा हो म्हणावं लागलं असतं. दोन्ही त्यांना जड गेलं असतं. पोर आहे ते.” तिने झबलं घडी करून माझ्या हातात दिलं आणि गुडघ्यावर हात ठेवून उठली. “आता उतरवलीस तूच. आता तूच बघ.”

डोकं आणि हात मी त्या खोलीतच ठेवले. काठ्या जाळल्या, राख पुरली. झबली, भुग्यासकट, त्या निळ्या झग्यात बांधली आणि घरी पडवीत, जिथे माझं काम चालायचं, तिथे लाकडांच्या मागे ठेवली. आय त्या पडवीकडे फिरकली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्सेची घंटा झाली तेव्हा ती ओट्यावर वाल सोलत बसली होती. तिसऱ्या दिवशीही. बायको मला म्हणाली, “तुम्ही काय केलंत त्यांना? जेवत पण नाहीत धड.”

नवी मूर्ती पेंढ्यात गुंडाळून आली. फिलू मावशीने देवळात जाऊन ती पाहिली, पोटावर बोटाने टकटक केली आणि येऊन आयला सांगितलं, “गोरी आहे. उन्हात कधी गेलेली दिसत नाही. आणि भरलेली आहे गं, पार खालपर्यंत. हिच्यात काही मावायचं नाही.”

मला दोन बैठकी करायच्या होत्या. नव्या माउलीची चार पायांची, उघडी. खाली फुलांच्या कुंड्या ठेवता याव्यात म्हणून फादरनी तशी सांगितली होती. पेटीची मात्र चारी बाजूंनी बंद, कपाटासारखी. मोजमाप फादरनी कागदावर लिहून दिलं होतं, पण मला तेव्हा वाचता येत नव्हतं. अक्षरं मी साठीनंतर शिकलो. म्हणून मी त्यांना म्हटलं, पेटीच आणून द्या, मी सुतळीला गाठी मारून माप घेतो. ते स्वतः सायकलच्या मागे बांधून रिकामी पेटी घेऊन आले आणि माझ्या कामाच्या फळीवर ठेवली.

ते लाकूड बघत होते. मी रंधा खाली ठेवला.

“फादर, एक विचारू? पाणी पडायच्या आधी गेलेली मुलं कुठे जातात?”

त्यांनी माझ्याकडे चमकून बघितलं. “तुझ्या घरी काही झालं का?”

“नाही. असंच विचारतोय.”

ते बाकावर बसले. बोटाने भुसा उकरू लागले. “आम्हाला एक शिकवलं होतं,” ते म्हणाले. “आता कोणी ते ठासून सांगत नाही, आणि दुसरंही काही सांगत नाही. खरं सांगू? मला माहीत नाही. मी एवढंच म्हणेन, त्यांना देवाच्या हवाली करावं.”

“म्हणजे कुठे, फादर?”

“कुठे म्हणजे?”

“देवाच्या हवाली म्हणजे कुठे ठेवायचं?”

ते हसले. मी हसत नाही हे बघून थांबले. मग फळीवरच्या पितळी पेटीकडे हात करून म्हणाले, “देव कुठे राहतो ते तुला ठाऊक नाही? तू तर त्याचं घर बांधतोयस.”

ते गेले. मी पेटीकडे बघत बसलो. त्यांना काय म्हणायचं होतं ते मला नक्की कळलं नाही. मला जे कळलं ते मी केलं.

पेटीच्या बैठकीला मी आतून दुसरा तळ बसवला. निळ्या झग्याचं गाठोडं दोन तळांच्या मध्ये ठेवलं आणि वरची फळी लाकडी खुंट्या ठोकून बंद केली. एकही खिळा वापरला नाही. बाहेरून बघणाऱ्याला तो एकच जाड ठोकळा वाटावा. हात चालत होते, पण मनाचं काही ठरत नव्हतं. ज्यांना देवाच्या भिंतीच्या आत जागा नव्हती त्यांना मी देवाच्या खाली ठेवत होतो. माउलीने ठेवून घेतलं होतं, ती आई होती. देवाचं मला काय ठाऊक? शनिवारी मी पापकबुलीला गेलो. दारू, शिव्या, बायकोवर हात उगारला ते, सगळं सांगितलं. हे सांगितलं नाही. सांगायचं नव्हतं असं नाही. पण पाप म्हणून सांगावं की नाही, ते ठरेना.

सणाचा दिवस आला. देऊळ भरलं. पेटी मधोमध झळकत होती, नवी माउली डाव्या बाजूला. आय नवं लुगडं नेसून आली आणि त्याच बाजूच्या दारात उंबऱ्याबाहेर उभी राहिली. मी उठून तिच्याजवळ गेलो.

“आत ये.”

“कुठे ठेवलीस?”

मी डोळ्यांनी दाखवलं. तिला आधी कळलं नाही. ती नव्या माउलीच्या बैठकीकडे बघत राहिली, चार पाय, खाली झेंडूच्या कुंड्या. मग तिची नजर मधोमध आली.

“त्याच्या पायाशी?”

“खाली. आत.”

“त्याला विचारलंस?”

“तू माउलीला विचारलं होतंस?”

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला राग आला की हसू आलं ते मला आजही सांगता येणार नाही. मग तिने चपला काढल्या आणि आत आली. आधी नव्या माउलीपुढे गेली, तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, पाहुणीला बघावं तसं. एक मेणबत्ती लावली. मग दुसरी मेणबत्ती हातात घेऊन सगळ्यांच्या मधून वेदीपर्यंत चालत गेली, दुखरे गुडघे टेकले आणि ती मेणबत्ती पेटीपुढे वर न ठेवता बैठकीच्या तळाशी, खाली जमिनीवर लावली.

पुढच्या रविवारी फादर एलायस प्रवचनात म्हणाले, “माउलीवर जिने सगळ्यात जास्त प्रेम केलं त्याच बाईने आपल्याला वाट दाखवली. माउली आपल्याला कोणाकडे नेते? प्रभूकडे.” मिस्सेनंतर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “बघितलंस, सांतान? म्हटलं होतं ना, येतील.” त्यांचे डोळे भरले होते. मी “हो, फादर” म्हटलं.

त्यानंतर फिलू मावशी तिथे बसू लागली. मग आणखी काही म्हाताऱ्या. सगळ्या मेणबत्त्या खाली, जमिनीवर.

आय त्यानंतर अकरा वर्षं जगली. शेवटच्या पावसाळ्यात मी तिला धरून देवळात नेत असे. एकदा परत येताना ती रस्त्यात थांबली.

“सांतू, मी त्याच्यापुढे बसते, पण तोंडातून नमो मारियाच येतं. चालतं का रे?”

“मला काय विचारतेस? कोणाला म्हणतेस तू ते?”

“तेच कळत नाही,” ती म्हणाली. “डोळे मिटले की ती येते. उघडले की तो असतो. आणि खाली माझा आहे. मग मी म्हणून टाकते, ज्याचं असेल त्याने घ्यावं.”

गेल्या महिन्यात आमच्या आताच्या फादरनी मला बोलावलं. पेटीची बैठक काढून तिथे संगमरवर बसवायचा विचार आहे म्हणाले. इतकं जुनं लाकूड, एव्हाना वाळवी लागली असेल, जरा बघता का. माझं वय आता नव्वदीकडे झुकलं आहे. नातवाने हात दिला तेव्हा कुठे मी खाली बसलो. जमिनीवर मेणाचे जुने ओघळ होते. मी बोटाची पेरं वळवून लाकडावर ठोकत गेलो, वरून खाली, आणि कान लावला. वाळवी लागलेलं लाकूड पोकळ वाजतं.

“कसं आहे?” फादरनी विचारलं.

मी पुन्हा एकदा ठोकलं.

“भरलेलं आहे, फादर,” मी म्हटलं. “राहू द्या.”